पांढरी एक म्हणजे शून्य

भाच्याच्या लॅपटॉपवर एक फाइल उघडी होती. ओळीवर ओळी, प्रत्येक ओळीत तीन आकडे आणि शेवटी एखादं अक्षर. मला वाटलं, सोसायटीचा हिशेब असेल. वरून खाली अक्षरं वाचत गेलो आणि थबकलो. ते आत्याचं आवडतं भावगीत होतं. पहिला आकडा अक्षर कधी सुरू होतं त्याचा, दुसरा ते किती टिकतं त्याचा, तिसरा सुराचा. शून्य म्हणजे मधल्या सप्तकातली पांढरी एक, एक म्हणजे काळी एक, दोन म्हणजे पांढरी दोन. लहानपणी पेटीवर बोटं आपटलेल्या माणसाला ही लिपी चहा गार व्हायच्या आत येते.

ही फाइल घरी खेळायच्या कराओकेची. त्यातला सोनीचा सिंगस्टार २००४ साली प्लेस्टेशन २ वर आला, एक लाल आणि एक निळा माईक घेऊन. पडद्यावर आडव्या पट्ट्या येतात, सूर लागला की त्या रंगाने भरतात, शेवटी दहा हजारांपैकी गुण आणि एक शेरा. पुढे हौशी लोकांनी त्याच धर्तीवर अल्ट्रास्टार नावाचा फुकट प्रोग्रॅम केला. त्यात स्वतःची गाणीही घालता येतात, फक्त ती अशी अक्षर-अक्षर सोडवून लिहावी लागतात. सिंगस्टारची बॉलिवूडची तबकडीसुद्धा निघाली होती, पण भावगीत हवं असेल तर भाचाच हवा.

या खेळाला सप्तकाशी देणंघेणं नाही. खर्जात गा की तारात, सा तो सा, त्यामुळे पुरुषांना लताबाईंची गाणी बिनधास्त गाता येतात. आणि त्याला शब्दांशीही देणंघेणं नाही. भाच्याच्या एका मित्राने अख्खं गाणं तोंड मिटून नुसतं ‘ऊं’ करून म्हटलं आणि सगळ्यांच्या पुढे गेला. ज्या भाषेत यशवंत देवांनी ‘शब्दप्रधान गायकी’ नावाचं पुस्तक लिहिलं, तिच्यातल्या गाण्याचे असे हाल पाहून मला त्या पोराचा मनापासून राग आला. खेळाचा नाही आला, का कोण जाणे.

एकाच अक्षरावर दुसरा सूर आला की फाइलमध्ये अक्षराच्या जागी एक नागमोडी खूण टाकतात. इंग्रजी गाण्यांत ती अधूनमधून दिसते. आत्याच्या गाण्यात एका ‘रे’नंतर नुसत्या नागमोडीच. सुरातून सुरात घसरत जाणारी मींड लिहायची सोयच नाही, ती पायऱ्या पाडून लिहायची. भाचा शनिवार-रविवार हेडफोन लावून पायऱ्या पाडत बसला होता.

आत्या मिरजेत वाढली. संध्याकाळी पेटीवाले मास्तर घरी यायचे. टोपी खुंटीला, चष्मा पेटीवर. आत्या गायला लागली की ते तिच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत, खिडकीतून रस्त्याकडे बघायचे. पण ती एखाद्या सुरावर थांबली की त्यांचा भात्यावरचा हात मंद व्हायचा, बोट तिथेच दाबलेलं. तिला तो सूर आवडला तर ती तिथेच राहायची. बाहेर टांगा जायचा, आजी स्वयंपाकघरातून डोकावून जायची, तरी मास्तर थांबलेले. ती हलली की तेही हलायचे, किंचित मागून. एकदा म्हणे ती मधेच विसरली, तर त्यांनी तीच ओळ तीनदा वाजवली, जणू गाण्यात ती तशीच होती. कौतुक ते कधी करत नसत. जाताना टोपी घालत ‘बरंय’ म्हणायचे आणि आत्या त्या एका शब्दावर आठवडा काढायची. गाणारा पुढे आणि पेटी मागे, हे तिच्या अंगात मुरलं ते असं.

तर आत्याने निळा माईक धरला. पहिली ओळ झकास. दुसऱ्या ओळीच्या शेवटी तिला सूर आवडला आणि ती थांबली. पट्ट्या पुढे निघून गेल्या. ‘अगं, थांब की,’ ती टीव्हीला म्हणाली. मग ती ओळ मनासारखी झाली नाही म्हणून तिने पुन्हा घेतली, तोवर पडद्यावर अंतरा आला होता. गुण आले, शेरा आला, आणि आत्या अजून ध्रुवपदावर होती. भाचा बिचारा ओशाळला. फाइलमध्ये ‘एफ’ नावाची एक खूण असते. ती लावलेल्या जागी काहीही गा, गुण मोजत नाहीत. तो म्हणाला, तुझ्या थांबण्याच्या जागांना एफ लावतो. आत्या म्हणाली, अख्ख्या गाण्यालाच लाव.

कराओकेचं यंत्र १९७१ साली कोबे शहरात करणारे दाइसुके इनोउए हे मुळात असेच एक मास्तर. बारमध्ये गिऱ्हाइकं गायची आणि हे कीबोर्डवर त्यांच्या मागे चालायचे. एका गिऱ्हाइकाला सहलीला साथ हवी होती, यांना जाता येईना, म्हणून टेप भरून दिली. तिथून नाणं टाकून चालणारं यंत्र सुचलं. पेटंट त्यांनी घेतलं नाही. २००४ साली त्यांना इग नोबेलचं शांतता पारितोषिक मिळालं, माणसांना एकमेकांना सहन करायचा नवा मार्ग दिल्याबद्दल.

त्याच १९७१ साली आपल्या आकाशवाणीने पेटीवरची बंदी सैल केली. १९४० पासून ती होती. आरोप हाच, की बारा सूर ठोकून बसवलेले, मींड निघत नाही. रवींद्रनाथांनाही पेटी आवडत नसे. आरोप खरा आहे. पण ‘मानापमान’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे पेटीवर भास्करबुवा बखल्यांच्या साथीला बसत, आणि माझं मत विचाराल तर जो मागे चालतो त्याला बारा सूर पुरतात. या खेळाकडेही तेच बारा आहेत, पण तो मागे चालत नाही.

तरी तो घरात आल्यापासून एक झालं, काका गप्प झाले. आमच्याकडे पाहुण्यांपुढे गाणं म्हणजे तोंडी परीक्षा, आणि ‘निषाद जरा उतरला’ हे सांगायला काका कायम सोफ्यावर. आता उतरलेला निषाद टीव्हीच सांगतो, तोही चुकीचा, त्यामुळे त्याचं कुणी मनावर घेत नाही. काकूने गेल्या दिवाळीत लग्नानंतर प्रथमच गाणं म्हटलं. भयानक म्हटलं, आणि लगेच दुसरं मागितलं.

भाचा सांगत होता, जपानमधली डॅम नावाची कराओकेची यंत्रं सूर तर मोजतातच, शिवाय कंप किती, खालून ओढून घेतलेले सूर किती, आपल्या मुरकीसारखी कोबुशी किती वेळा घेतली, हेही सांगतात. आत्या म्हणाली, ‘मग लोक मुद्दाम मुरक्या घालत असणार, आपल्याकडे टीव्हीवरची पोरं घालतात तशा.’ काका मात्र सरसावून बसले आणि ते यंत्र इथे केवढ्याला पडेल ते विचारू लागले.