अतिरिक्त बुटीबोरी

मध्यमवर्गीय माणसाचा जुन्यात जुना प्रश्न कोणता, असे कोणी विचारले तर मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणेन, जागेचा! पैशाचा प्रश्न महिन्याच्या एक तारखेला निदान दोन दिवस तरी सुटल्यासारखा वाटतो. जागेचा प्रश्न तेवढीही उसंत देत नाही. आजोबांच्या घरात तो कोनाड्यांत बसून असे, वडिलांच्या घरात तो माळ्यावर चढला आणि आमच्या पिढीत त्याने एक अगदीच नवे बिऱ्हाड शोधून काढले. तो आता लॅपटॉपच्या पोटात राहतो.

आमचा लॅपटॉप २०२० सालचा. टाळेबंदीत शाळाच घरी आली तेव्हा मुलीसाठी घेतलेला. त्याची साठवण २५६ जीबी. त्या वेळी हा आकडा आम्हांला समुद्रासारखा वाटला होता. पण चार वर्षांत त्या समुद्राची विहीर झाली आणि विहिरीने तळ दाखवला. फोनवर घेतलेल्या चांगल्या प्रतीच्या चलच्चित्राला मिनिटागणिक शंभर एमबीच्या आसपास जागा लागते. घरात फोन चार, लग्नकार्ये वर्षाला दोन-तीन आणि प्रत्येक कार्यात हौशी छायाचित्रकार दहा. मग दुसरे काय होणार? रोज संध्याकाळी पडद्यावर एक तांबडी पट्टी उमटू लागली आणि यंत्र सांगू लागले, जागा संपली.

थोरला पुण्याला असतो. त्याने फोनवरच निकाल दिला, “बाबा, सरळ नवा घ्या. नाहीतर जुनं उडवून टाका. मोठ्या फायली आधी बघा, म्हणजे एका फटक्यात जागा होईल.”

सल्ला व्यवहाराचा होता. मी फायली आकारमानाप्रमाणे लावल्या आणि यादीच्या अगदी माथ्यावर कोण आले म्हणता? माझी आई!

२०१८ च्या उन्हाळ्यात गच्चीवर तिचे घेतलेले चित्रण होते ते. एक्केचाळीस मिनिटांचे. कुरडयांचा चीक कसा घोटायचा, हे ती सुनेला समजावून सांगते आहे. निम्मा वेळ तर तिचे लक्ष कठड्यावरच्या कावळ्याकडेच आहे. “हाड रे मेल्या! काऊन येऊन राहिला इकडं?” असे ती मधूनमधून त्याला ऐकवते आणि तुटलेला धागा पुन्हा जोडून चिकाकडे वळते. आई २०२१ साली गेली. तिचा सलग आवाज असलेली आमच्याकडची चीजवस्तू एवढी एकच. यंत्राच्या हिशेबी मात्र ती घरातली सर्वांत मोठी अडगळ होती! तराजूला वजन कळते, मोल कळत नाही, हे खरेच. पण तराजू हाती घेऊन आपण घाईत असलो, तर आपल्यालाही ते कळेनासे होते.

“अहो, मग जागाच वाढवू या की,” असे घरात कोणी म्हणेल अशी माझी अपेक्षा होती. पण सौभाग्यवतींचे मत निराळे. ती म्हणाली, “माळ्यावर जागा होती म्हणून तर माळा भरला. उद्या तुम्ही चौपट जागा केलीत, तर चौपट पसारा होईल. पसाऱ्याला जागा लागत नाही हो, जागेला पसारा लागतो.” या वाक्यावर मला उत्तर सुचले नाही, आणि खरे सांगायचे तर अजूनही सुचलेले नाही.

तोड काढली ती मुलीने. ती तंत्रनिकेतनात शिकते. लॅपटॉपचे माहितीपत्रक चाळता चाळता ती म्हणाली, “बाबा, याच्या आत एक जागा रिकामी आहे. पहिल्या दिवसापासूनच आहे.”

आता आम्ही राहतो बुटीबोरीला. नागपूरहून वर्धा रोडने दक्षिणेकडे पंचवीस-तीस किलोमीटर आले, की कारखान्यांच्या चिमण्या दिसू लागतात ते हे गाव. इथल्या माणसाला रिकामी जागा म्हणजे काय, हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही. १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे आपल्या एमआयडीसीची, रीत आम्ही रोज पाहतो. आधी रस्ते आखायचे, पाण्याचे नळ टाकायचे, विजेचे खांब रोवायचे, भूखंडांना क्रमांक द्यायचे आणि मग कारखानदाराची वाट पाहत बसायचे. मूळ वसाहतीला लागून तर ‘अतिरिक्त बुटीबोरी’ या नावाचे आणखी एक औद्योगिक क्षेत्र आहे. तेव्हा मुलीने लॅपटॉपमधली ती खाच मला समजावून दिली, ती याच भाषेत.

त्या खाचेला ‘एम डॉट टू’ म्हणतात. तो एक भूखंडच समजा. भूखंडाचे माप ठरलेले असते. आमच्या खाचेत बसणारी पट्टी २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब, म्हणून तिचे नाव २२८०. आखूड भूखंडही असतात, २२४२ आणि २२३०. भूखंडापर्यंत येणारा रस्ताही पाहावा लागतो. काही खाचांना जुन्या ‘साटा’ पद्धतीचा अरुंद रस्ता असतो. त्यावरून सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास माल जातो. काहींना ‘एनव्हीएमई’चा चारपदरी रस्ता असतो, आणि त्याच्या तिसऱ्या पिढीतच हा आकडा साडेतीन हजारांपर्यंत पोचतो. दोन्ही पट्ट्या दिसायला बहिणी-बहिणी, पण एकीच्या घरात दुसरी नांदेलच असे नाही. शिवाय काही यंत्रांत नकाशावर भूखंड असतो, जमिनीवर पाटीही असते, पण जोडणीच बसवलेली नसते. पाटी आहे, नळ नाही! असले भूखंड पाहायला बुटीबोरीकराला लॅपटॉप उघडावा लागत नाही. म्हणून खरेदीच्या आधी आपल्या नेमक्या मॉडेलचे माहितीपत्रक वाचावे आणि झाकण उघडल्याने हमी जाते की राहते, हेही त्यातच पाहून घ्यावे.

खापरीला जाऊन मेट्रो धरली आणि आम्ही बापलेक सीताबर्डीला उतरलो. दुकानातल्या पोराने मॉडेलचा क्रमांक विचारला आणि म्हणाला, “काकाजी, नवाच घेऊन टाका ना. हा जुना झाला आता.” मी म्हटले, “मीही जुनाच झालो आहे, बाप्पा. म्हणून काय मला कोणी बदलून राहिलं का?” तो हसला आणि त्याने एक टीबीची पट्टी काढून समोर ठेवली. तर्जनीएवढी लांब, तिच्याहून थोडी रुंद. नव्या लॅपटॉपच्या किमतीचा तो लहानसा अंश होता.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी शस्त्रक्रिया झाली. शल्यविशारद मुलगी, मी बॅटरी धरणारा परिचारक. आधी तिने महत्त्वाच्या फायलींची एक प्रत दुसरीकडे काढून ठेवली. काही यंत्रे आपल्या डिस्कला आपोआप कुलूप लावतात आणि आत काही बदल झाला की क्वचित किल्ली मागतात. ती ४८ आकड्यांची किल्ली तिने वहीत उतरवून घेतली. मग यंत्र पूर्ण बंद करून चार्जरची पिन काढली. मला टेरिकॉटचा सदरा बदलून सुती घालायला लावला, आणि वर खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावायला सांगितले. पावसाळा सरला की आमच्याकडची हवा कोरडी होते आणि अंगावर स्थिर वीज साठते. तिचा आपल्याला जाणवणारही नाही असा चटका या नाजूक कामाला मारक ठरू शकतो.

तळाचे स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने कागदावर मांडले, कारण सगळे सारख्या लांबीचे नसतात. प्लॅस्टिकच्या पत्त्याने कड उचलली, झाकण निघाले. पहिले काम म्हणजे आतल्या बॅटरीची जोडणी सोडवणे. मग पट्टीची खाच आणि जागेतली खूण जुळवून ती तिरपी, सुमारे तीस अंशांत आत सरकवली, हलकेच खाली दाबली आणि टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा एक स्क्रू पिळला. झाले! जोर कुठेही लावायचा नाही. जिथे जोर लागतो तिथे काहीतरी चुकते आहे असे समजावे, हा नियम संसारालाही लागू पडावा.

यंत्र सुरू झाले, पण नवी जागा कुठे दिसेना. मुलगी हसून म्हणाली, “बाबा, भूखंड ताब्यात आला, पण सातबारावर नोंद कुठं झालीय?” मग डिस्कच्या व्यवस्थापनात जाऊन तिने पट्टीची नोंद केली, आखणी केली, तिला ‘डी’ हे अक्षर दिले. पडद्यावर आकडा आला ९३१ जीबी. मी दचकलो, पैसे तर हजाराचे मोजले होते! पण यात लबाडी नाही. कारखानदार हजाराच्या पटीने मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीने. माल तोच, मापे दोन. नव्या जागेला नाव काय द्यायचे याचा घोळ मात्र मुळीच झाला नाही. ‘अतिरिक्त बुटीबोरी’ असे नाव आम्ही एकमताने देऊन टाकले.

त्या पट्टीकडे पाहताना मला जुन्या काळची गंमत वाटते. १९५६ साली आयबीएम कंपनीने रामॅक नावाचे यंत्र आणले. त्याच्या डिस्कच्या कपाटात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन टनाहून अधिक, आणि त्यांत अक्षरे मावत पन्नास लाख. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० साली टिफ्रॅक हा संगणक चालू केला. त्याची मुख्य स्मृती २०४८ यंत्रशब्दांची, म्हणजे आजच्या मापाने सुमारे दहा केबी. देशाच्या विज्ञानाचा हिशेब दहा केबीत बसत होता, आणि आमच्या कुरडयांना काही जीबी लागतात!

या पट्टीतल्या स्मृतीला ‘फ्लॅश’ म्हणतात. तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी ती शोधली आणि १९८४ साली जगापुढे मांडली. तिला हे नाव सुचवले त्यांच्याच एका सहकाऱ्याने. तिच्यातला मजकूर पुसताना ढीगच्या ढीग एकदम पुसला जातो. ते पाहून त्याला कॅमेऱ्याच्या दिव्याचा लखलखाट आठवला. म्हणजे पाहा, या स्मृतीचे नाव तिच्या जपण्यावरून पडलेले नाही, पुसण्यावरून पडलेले आहे!

आणि जपण्याच्या बाबतीत ती आहेही तशीच. तिच्या सूक्ष्म कोठ्यांत विजेचे कण कोंडलेले असतात. माठातले पाणी जसे झिरपते तसे हे कणही फार हळूहळू झिरपतात, आणि उष्णता वाढली की अधिक झिरपतात. या धंद्यातले मानक असे आहे, की घरगुती वापराची पट्टी लिहून लिहून आयुष्याच्या शेवटाला आली, तरी वीज न देता ३० अंश तापमानात तिने निदान एक वर्ष मजकूर धरून ठेवावा. नवी पट्टी याहून पुष्कळ अधिक काळ धरते. पण आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा तिला दागिन्यासारखी कपाटात वर्षानुवर्षे ठेवून देणे शहाणपणाचे नाही. जुन्या हार्ड डिस्क बिघडण्यापूर्वी पुष्कळदा कुरकुरत, कण्हत. ही पट्टी एखाद्या दिवशी काही न बोलता जाऊ शकते. आणि तिच्यावरून पुसलेले परत मिळण्याची आशा फार थोडी.

म्हणून त्या रात्री आम्ही आईचे चित्रण केवळ नव्या जागेत हलवून थांबलो नाही. जागा बदलली तरी प्रत एकच राहते, आणि एकुलत्या एका प्रतीचे घर कितीही प्रशस्त असले तरी ती एकुलतीच. एक प्रत पट्टीवर, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी पुण्याला थोरल्याकडे, अशी वाटणी झाली. आजीचे तीन वाटेकरी झाले आणि भांडण मात्र झाले नाही, असे हे आमच्या घराण्यातले पहिलेच उदाहरण.

राहता राहिले सौभाग्यवतींचे वाक्य. जागा झाली म्हणजे पसारा होईल, हे तिचे म्हणणे खोटे नाही. पण मला वाटते, जागा आपल्याला निवडीतून सोडवत नाही. ती निवडीला सवड देते. तांबडी पट्टी डोळे वटारून उभी असताना माणूस सर्वांत जड वस्तू आधी फेकतो. तो धाक गेला की मग तो वस्तू हातात घेतो, उलटसुलट पाहतो आणि ठरवतो. वाचकहो, यंदाच्या दिवाळीत माळा झाडाल, तेव्हा लॅपटॉपच्या तळाचाही विचार करून पाहा. कदाचित तिथे एक भूखंड तुमच्या नावावर पहिल्या दिवसापासून पडून असेल.

हल्ली रविवारी दुपारी आम्ही तिघे लॅपटॉपपुढे बसतो आणि निवडणे-टिपणे चालते, गहू निवडावेत तसे. या कामात सौभाग्यवतीचा हात निर्दय आहे. सुप्रभाताची सातशे फुले, शुभरात्रीचे पाचशे चंद्र, एकाच लग्नातल्या एकाच पंगतीची चाळीस छायाचित्रे तिने डोळ्याची पापणी न लववता उडवली. एकदा मुलीने तिला सहज सुचवले, की आजीच्या चित्रणात कुरडयांची कृती तेवढी ठेवून कावळ्याचा भाग कापला, तर ते निम्म्यावर येईल.

“खबरदार!” ती म्हणाली. “कृती मला पाठ आहे. कावळा राहू दे.”