चाचांची जवारी

मिरजेच्या चाचांना जाऊन बरीच वर्षं झाली, तरी घरातल्या तंबोऱ्याचा सूर चिरका यायला लागला की त्यांचं नाव निघतंच. सतारमेकर गल्लीतल्या त्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "गळा कुणाचा?" किंमत, नक्षी, पॉलिश हे सगळं मागाहून. आईची पट्टी काळी पाच. त्यांनी तिला आधी दोन आलाप घ्यायला लावले होते आणि मग कोपऱ्यातला एक भोपळा उचलून तो बोटाच्या पेराने वाजवून बघितला होता.

हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूच्या शेतांतून येतात. खायचे नव्हेत, मुद्दाम वाद्यांसाठी पिकवलेले. वाळवून, भिजवून, कापून, आत काठ्यांचे टेकू देऊन त्यांना आकार द्यायचा, मग तुणाच्या लाकडाची दांडी आणि तबली जोडायची. एकोणिसाव्या शतकात तलवारींना धार लावायचं काम आटलं, तेव्हा शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब या उद्योगाकडे वळले आणि मिरजेत तो वाढला. हत्यारं परजणाऱ्या घरात कानस चालवण्याचं कसब आधीपासूनच असणार, हा आपला माझा तर्क. गवई अब्दुल करीम खाँसाहेब इथेच राहिले. १९३७ मध्ये ते गेल्यावर त्यांचं दफनही मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच झालं. खाँसाहेब स्वतः वाद्यदुरुस्तीत तरबेज होते, हे सांगताना चाचांच्या आवाजात बिरादरीचा अभिमान यायचा. गवई म्हणून त्यांचं कौतुक करायला बाकीचं जग होतंच!

चाचांचं खरं काम मात्र तारा ज्यावर टेकतात त्या ब्रिजवर चालायचं. ब्रिजचा माथा वरवर सपाट दिसतो, पण त्याला अगदी किंचित बाक असतो. तार छेडली की ती त्या बाकावर घासत थरथरते आणि त्यातून तो भरदार, घुमणारा झंकार निघतो. हीच जवारी. चाचा कानशीचा एक हात फिरवायचे, फुंकर मारून भुकटी उडवायचे, तार चढवायचे, ऐकायचे, पुन्हा उतरवायचे. चारही तारांसाठी हाच खेळ. घासताना हात जरा जास्त पडला तर मागे येता येत नाही, पुन्हा सगळा माथा खाली घ्यावा लागतो. शेवटी तारेखाली सुताचा बारीक दोरा सारायचा आणि तो केसभर पुढे, केसभर मागे. एका जागी दोरा आला की मघापर्यंत मुकाट असलेली तार एकदम खुलायची. चाचा तेव्हा आमच्याकडे न बघता आईच्या चेहऱ्याकडे बघायचे. ती हसली की काम झालं. नाही हसली, तर "अजून एकदा बघू" म्हणून पुन्हा कानस हातात.

इलेक्ट्रॉनिक तानपुरा घरोघरी झाला तेव्हा मी त्यांना जरा चिडवलंच होतं. ते म्हणाले, "रियाजाला बरा आहे की! बिघडला तर माझ्याकडे आणू नका म्हणजे झालं."

पण खऱ्या तंबोऱ्याची जवारी झिजते. तारा घासून घासून माथ्याला बारीक चरे पडतात, झंकार कर्कश होतो, आणि ब्रिज पुन्हा घासावा लागतो. म्हणजे ज्या सुराला आम्ही इतकी वर्षं चाचांचा तंबोरा म्हणत आलो, तो लाकडाभोपळ्यात साठवलेला नव्हताच. त्यांच्या शेवटच्या कानशीनंतर आई गात राहिली तेवढे दिवस तो होता. पुढे त्यांच्याच गल्लीतल्या एका तरुण कारागिराने जवारी लावली. चांगली लावली. फक्त ती जरा जास्त उघडी, जरा जास्त बोलकी. ती चाचांची नव्हती, आणि तसं त्याला सांगण्यात अर्थही नव्हता.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलंच झालं. त्या शिक्क्याने गावाचं नाव राखलं जाईल. पण आईचा चेहरा बघून कुठे थांबायचं ही चाचांची जाण कुठल्या कागदावर उतरणार?

आता तंबोरा माझ्या लेकीकडे आहे. तिची पट्टी आजीपेक्षा खालची. त्या तरुणाने तारा चढवून बघितल्या, ब्रिजवर नख फिरवलं आणि म्हणाला, "हा फार खाली गेलाय, आता घासण्यासारखा राहिला नाही. नवा बसवू?" लेकीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मला काय विचारतेस, गाणार तू आहेस. तिने त्याला नवा बसवायला सांगितला आणि त्याने विचारायच्या आतच दोन आलाप घेतले.