पाण्याची बाटली, स्वेटर आणि तासाला वीस मिनिटं

बालाघाट जिल्ह्यातल्या बैहरच्या पठारावरची थंडी खाली वैनगंगेकाठच्या माणसाला परकी वाटावी अशी असते. हिवाळ्यात मध्य प्रदेशातल्या गार ठिकाणांच्या बातम्यांत मलाजखंडचं नाव हमखास असतं. अशा सकाळी शाळेच्या पटांगणात प्रार्थना चालते. पोरं ओळीनं उभी, कोणाच्या अंगावर स्वेटर, कोणाच्या अंगावर नुसता गणवेशाचा सदरा. त्या ओळीत सिकलसेलचं एखादं मूल असेल, तर ही पंधरा मिनिटं त्याला महागात पडू शकतात. थंडीनं बारीक रक्तवाहिन्या आखडतात, विळ्यासारख्या वाकलेल्या लाल पेशी त्यांत अडकतात आणि दिवस सरायच्या आत हातापायांची हाडं ठणकायला लागतात. शाळेनं करायचं एवढंच की त्या मुलाला वर्गात बसून प्रार्थना म्हणू द्यावी. स्वेटर गणवेशाच्या रंगाचा नसला तरी चालवून घ्यावा.

*

आमच्याकडे या बिमारीला ‘सिकलिंग’ म्हणतात. गोंड आणि बैगा वस्त्यांत ती आहे, आणि वैनगंगेच्या खोऱ्यातल्या इतर अनेक जातींतही आहे. आदिवासी समाजात जन्मणाऱ्या ८६ मुलांमागे एकाला हा आजार असतो, असं केंद्र सरकारच सांगतं. जिथे शतकानुशतकं मलेरिया होता तिथे या आजाराचं जनुक टिकलं, कारण आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच ते आलेल्या माणसाला, म्हणजे वाहकाला, मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं. दोघांकडूनही आलं तर मात्र आजार होतो. कान्ह्याच्या जंगलाला लागून असलेल्या या जिल्ह्याला मलेरियाची ओळख कोणी करून द्यायला नको.

वाहक आणि रुग्ण यांतला फरक शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत असला पाहिजे. वाहक मूल इतरांसारखंच खेळतं-बागडतं, त्याला कशातून वगळायचं कारण नाही. सवलती हव्यात त्या रुग्णाला. प्रत्यक्षात दोघांनाही एकाच भीतीनं बाजूला बसवलं जातं.

*

पाण्याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं.

या आजारात मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही. पाणी शरीरात टिकत नाही, म्हणून मुलाला सारखं प्यावं लागतं आणि सारखं लघवीला जावं लागतं. पाणी कमी पडलं की रक्तातल्या पेशी आणखी वाकतात आणि दुखणं उठतं. म्हणजे बाकावर पाण्याची बाटली आणि न विचारता बाहेर जायची मुभा, या दोन गोष्टी या मुलासाठी औषधाच्या बरोबरीच्या आहेत. शाळेतली शिस्त नेमकी याच दोन गोष्टींच्या आड येते. तास चालू असताना पाणी प्यायचं नाही. “आत्ता तर जाऊन आलास, परत कुठं?” वर्ग हसतो. पोरगं दुसऱ्या दिवसापासून पाणी पिणं कमी करतं. मुलींचं तर विचारूच नका. स्वच्छतागृहाला कडी नसेल किंवा आत पाणी नसेल, तर मुलगी सकाळपासून घोटभर पाण्यावर दिवस काढते. एप्रिलमध्ये बालाघाटचा पारा चाळिशीपलीकडे जातो, तेव्हा हा उपास धोक्याचा ठरतो.

वसतिगृहात याच्या पुढची गोष्ट घडते. सिकलसेलच्या बऱ्याच मुलांना मोठ्या वयापर्यंत रात्री अंथरुणात लघवी होते. तेही याच मूत्रपिंडामुळे. बारा वर्षांच्या मुलाला त्याची किती लाज वाटत असेल! अधीक्षक रागावतात, सोबती चिडवतात, आणि सुट्टीला घरी गेलेलं पोरगं परत येतच नाही. शाळा सोडल्याचं कारण रजिस्टरात ‘पालकांची इच्छा’ असं काहीतरी लागतं. दाराजवळची खाट, एक जादा चादर आणि रात्री एकदा हळूच उठवणारं कोणीतरी एवढं मिळालं असतं, तर ते मूल शिकत राहिलं असतं. मला हे फार लागतं, कारण यात पैशाची अडचण कुठेच नाही.

*

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस झाले, आणि त्यांत पहिल्यांदाच थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आजार आले. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. आपल्या वर्गातलं ‘नेहमी आजारी पडणारं’ मूल कायद्याच्या दृष्टीनं दिव्यांग विद्यार्थी आहे, ही गोष्ट मात्र अजून फार थोड्या शाळांपर्यंत पोचली आहे. दिव्यांग म्हटलं की डोळ्यांपुढे काठी, कुबडी, चाकाची खुर्ची येते. उतरता रस्ता बांधला की शाळेचं काम संपलं असं वाटतं. सिकलसेलच्या मुलाला त्या रस्त्याचा बहुतेक वर्षं उपयोग नसतो. पुढे काहींच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो आणि सोळा-सतराव्या वर्षी पोरगं लंगडायला लागतं. तेव्हा उपयोग होतो, आणि त्याहून जास्त उपयोग त्याचा वर्ग वरच्या मजल्यावरून खाली आणण्याचा होतो.

*

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी टक्के मोजावे लागतात. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर ‘लक्षणीय दिव्यांगत्व’. तसं असेल तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के राखीव जागा, वयात पाच वर्षांची सूट. पाय किती वाकतो, डोळ्याला किती दिसतं हे मोजता येतं. पण जे मूल सोमवारी फुटबॉल खेळतं आणि गुरुवारी दवाखान्यात सलाईन लावून पडलेलं असतं, त्याचे टक्के कोणत्या वारी मोजायचे?

टक्के कमी भरले म्हणून शाळेची जबाबदारी संपत नाही. कायद्याच्या कलम १६ मध्ये प्रत्येक विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून देण्याचं बंधन आहे, आणि तिथे चाळीस टक्क्यांची अट नाही. सर्वोच्च न्यायालयानं ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात हेच स्वच्छ सांगितलं. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता. चाळीस टक्के नाहीत म्हणून आयोगानं लेखनिक नाकारला होता. राखीव जागांसाठी टक्के लागतात, सोयीसाठी दिव्यांग असणं पुरे, असं न्यायालयानं म्हटलं. या निकालाची प्रत प्रत्येक मुख्याध्यापकाच्या टेबलावर असावी असं मला वाटतं. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ ला केंद्रानं चाळीस टक्क्यांखालच्या, पण लिहायला अडचण असलेल्या परीक्षार्थींसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या.

*

‘नाटक करतो.’ हे वाक्य ऐकलं नाही असं सिकलसेलचं मूल मला अजून भेटायचं आहे. सूज दिसत नाही, ताप नाही, जखम नाही, आणि मूल मात्र वेदनेनं गुडघे पोटाशी घेऊन पडलेलं. प्रसूतीच्या कळांशी बरोबरी होईल असं दुखणं असतं, असं या आजारातून गेलेल्या बाया स्वतः सांगतात.

*

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बालाघाटची आणि भंडारा-गोंदियाची राजधानी एकच होती, नागपूर. मग आमचं भोपाळकडे गेलं, त्यांचं मुंबईकडे. सोयरीक तुटली नाही. आजही लांजी, किरनापूर, कटंगी, वारासिवनीकडच्या लेकी पलीकडे जातात आणि तिकडच्या इकडे येतात. आजारपणातही माणसं गोंदिया किंवा नागपूरच धरतात.

सवलती मात्र सीमेवर थांबतात. महाराष्ट्रात सिकलसेलच्या विद्यार्थ्याला दहावी-बारावीच्या परीक्षेत तासाला वीस मिनिटं जादा मिळतात. एसटीत रुग्णाला मोफत प्रवास आहे. आमच्याकडे मोफत प्रवास द्यायला सरकारी बसच उरली नाही, राज्य परिवहन महामंडळ २००५ मध्ये गुंडाळलं गेलं. रक्त चढवायला, तपासणीला, औषधाला खासगी बसचं तिकीट काढून जायचं, त्या दिवसाची आईची किंवा बापाची मजुरी बुडवायची, आणि पोराची शाळाही बुडते. एकाच घरातल्या दोन मावसबहिणी, एक गोंदिया जिल्ह्यात, एक बालाघाटात. दोघींना तोच आजार. एकीला पेपर सोडवताना श्वास घ्यायला उसंत मिळते.

इकडच्या पालकांनी करावं असं एक काम आहे. परीक्षेच्या पुष्कळ आधी सरकारी रुग्णालयाच्या सिव्हिल सर्जनकडून किंवा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याकडून लिहिण्यातल्या अडचणीचं प्रमाणपत्र घ्यावं. दिव्यांगांच्या लेखी परीक्षांसाठीच्या २०१८ च्या केंद्रीय सूचनांत त्याचा नमुना दिलेला आहे, आणि जादा वेळ तासाला वीस मिनिटांपेक्षा कमी नसावा असंही त्यांत आहे. फेब्रुवारीत धावपळ करून हे होत नाही. दिवाळीच्या सुट्टीत करावं.

*

वैद्यकाच्या पुस्तकांत सिकलसेलचा पहिला नोंदलेला रुग्ण एक विद्यार्थी होता. वॉल्टर क्लेमेंट नोएल, कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावरचा, शिकागोत दंतवैद्यक शिकायला आलेला. १९०४ च्या डिसेंबरात, शिकागोच्या थंडीत, तो रुग्णालयात दाखल झाला. अर्नेस्ट आयर्न्स या तरुण डॉक्टरला त्याच्या रक्तात वाकड्या पेशी दिसल्या, आणि त्यांचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये त्यावर निबंध छापला. निबंधात नोएलचं नाव नव्हतं. रुग्णालयात दाखल झाल्यानंतरची अडीच वर्षं तो पुन्हा पुन्हा आजारी पडत राहिला, आणि तरी अभ्यासक्रम पूर्ण करून १९०७ मध्ये मायदेशी परतला. तिथे त्यानं दवाखाना चालवला. १९१६ मध्ये न्यूमोनियानं तो गेला तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. त्या काळी या आजारावर औषधच नव्हतं. आज हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या आहेत, त्यांनी दुखण्याचे झटके बरेच कमी होतात. तेव्हा आपली पोरं दहावीतच गळावीत याला काही सबब उरत नाही.

*

हजेरी. बहुतेक बोर्डांना आणि कॉलेजांना ७५ टक्के लागते. झटका आला की चार दिवस, कधी दहा दिवस जातात, आणि वर्षात असं अनेकदा होऊ शकतं. वैद्यकीय कारणानं हजेरीत सूट देण्याची तरतूद असते, पण ती वर्षअखेर अर्ज करून मागावी लागते, आणि तोवर बाप वर्गशिक्षकापुढे हात जोडून उभा असतो. हे उलटं व्हावं. वर्षाच्या सुरुवातीलाच मुलाच्या नावापुढे नोंद असावी, दवाखान्याची चिठ्ठी आली की ती तिथे लागावी. बुडालेला अभ्यास वर्गातल्या एखाद्यानं उतरवून द्यावा, चुकलेली चाचणी पुन्हा घ्यावी. प्रॅक्टिकल बुडालं तर पुन्हा करू द्यावं. शिक्षकाला यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

*

एक गोष्ट शिक्षकांना कोणीच सांगत नाही. या आजारात मेंदूला बारीक बारीक इजा होऊ शकतात, बाहेरून काही न दिसता. ना हात लुळा पडतो, ना बोबडी वळते. कळतं ते एवढंच की कालपर्यंत गणितात बरा असलेला मुलगा मागे पडतोय, लक्ष टिकत नाही, सांगितलेलं विसरतो. त्याला ‘ढ’ म्हणण्याआधी डॉक्टरकडे न्यायला घरच्यांना सांगावं.

आणि काही वेळा थांबायला सवडच नसते. ताप चढला, छाती दुखू लागली, श्वास लागला, एकाएकी पांढरं पडलं, एका अंगाची ताकद गेली, तर ‘पडून राहा थोडा वेळ’ म्हणायचं नाही. शाळेतूनच रुग्णालयात न्यायचं आणि घरच्यांना तिकडेच बोलवायचं.

*

खेळाचा तास. दोन टोकं दिसतात. एक म्हणजे सगळ्यांसोबत उन्हात चार फेऱ्या. दुसरं म्हणजे कायमचं झाडाखाली बसवणं. मधला रस्ता सोपा आहे. त्याच्या बेतानं खेळू द्यावं, दम लागला की थांबू द्यावं, मध्ये पाणी द्यावं. सगळ्यातून सूट दिलेलं मूल हळूहळू सगळ्यातून बाहेर पडतं. सहलीला नको, नाटकात नको, कबड्डीत नको. मग घरचेही म्हणू लागतात, शिकून तरी काय करायचंय.

*

१ जुलै २०२३ ला पंतप्रधानांनी आपल्याच राज्यात, शहडोलला, सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केलं. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं त्याचं उद्दिष्ट आहे. शाळाशाळांतून रक्ततपासणी होते ही चांगलीच गोष्ट आहे. पण निकाल वर्गात मोठ्यानं वाचून दाखवू नयेत. वाहक मुलीचं नाव एकदा गावात फुटलं की तिच्या लग्नाची चर्चा तिच्या अभ्यासाआधी सुरू होते. तपासणीचं कार्ड पालकांच्या हातात द्यावं, आणि रुग्ण मुलाबद्दल मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि वसतिगृहाचे अधीक्षक या तिघांनाच सांगावं, तेही पालकांना विचारून.

*

२०१६ च्या कायद्यातली एक जागा मला सतत खुपते. कलम ३२ मध्ये कॉलेजातल्या पाच टक्के जागा लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या सगळ्यांना आहेत, त्यात सिकलसेल येतं. कलम ३४ मध्ये सरकारी नोकरीतल्या चार टक्के जागा आहेत, आणि तिथे प्रकारांची यादी दिली आहे: दृष्टी, श्रवण, हालचाल, स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार, बहुविध दिव्यांगत्व. रक्ताचे आजार त्या यादीत नाहीत. बैहरची मुलगी दुखण्यातून उठून उठून बारावी होते, राखीव जागेवर कॉलेजात जाते, पदवी घेते, आणि नोकरीचा अर्ज भरताना दिव्यांगांच्या रकान्यात तिच्यासाठी ओळच नसते. खुब्याचं हाड खराब झालं असेल तर ती हालचालीच्या गटात बसू शकते. हाड शाबूत असेल तर नाही. ही यादी संसदेनं केलेली आहे, आणि संसदेलाच ती बदलता येते. बालाघाट, मंडला, गोंदिया, गडचिरोली या भागांतून निवडून जाणाऱ्या खासदारांना हा प्रश्न विचारायला कोणत्याही पक्षाची अडचण नसावी.