खत झालं, आता माती करा

घरोघरी आता कंपोस्ट होतं. 2016च्या घनकचरा नियमांनी ओला-सुका वेगळा करायला लावला, मग गच्च्यांवर ड्रम आले, बाल्कन्यांत एकावर एक रचलेली मडकी आली, विरजणासारखी कल्चरची पाकिटं हातोहात फिरू लागली. दोन-तीन महिन्यांत काळंभोर, भुसभुशीत काहीतरी हाताला लागतं आणि माणूस हरखून जातो. ते काठोकाठ कुंडीत भरतो, वर मेथी पेरतो. मेथी उगवते, चार पानांवर येते, पिवळी पडते आणि माना टाकते. मग मला जिन्यात गाठून विचारतात, "काकू, एवढं घरचं खत घातलं, तरी असं कसं?"

कुंडीत माती नाही म्हणून, असं सांगितलं की बऱ्याच जणांचा चेहरा पडतो.

बादलीतून निघालेलं खत बहुतेक वेळा पुरतं कुजलेलं नसतं. जिवाणूंचं काम अजून चालू असतं, आणि त्या कामाला त्यांना नत्र लागतं. नारळाच्या शेंड्या, भुसा, वाळकी पानं असला कर्बाचा माल जास्त राहिला असेल, तर जिवाणू आजूबाजूचं नत्र आधी स्वतःकडे ओढतात आणि रोप उपाशी राहतं. उलट स्वयंपाकघरातलं उष्टं-खरकटं जास्त गेलं असेल, तर क्षार वाढतात आणि कोवळी मुळं करपतात. शिवाय नुसतं खत एकदा खडखडीत वाळलं की पाणी धरत नाही. वरून घातलेलं कडेने खाली निघून जातं. आणि कुजणं थांबत नसल्यामुळे जूनमध्ये भरलेली कुंडी दिवाळीपर्यंत चांगली चार बोटं खाली गेलेली असते.

खत तयार झालं की नाही हे ओळखायला मी फार काही करत नाही. मूठभर ओलसर खत प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर सावलीत ठेवते. उघडल्यावर आंबूस किंवा अमोनियाचा झणका आला, तर ते परत ढिगात जातं. पावसाळी जमिनीचा वास आला तर चालेल. मग त्यात अर्धी माती मिसळून आळीव पेरते. आळीव फार नखरेल. खतात काही गडबड असली तर ते नीट रुजतच नाही.

इथवर सगळं खताबद्दल झालं. माती ही वेगळी भानगड आहे.

आमच्या सोसायटीच्या मागच्या पट्ट्यात, पुण्यात असते तशी, खाली बेसाल्टची काळी माती आणि वर बिल्डरने टाकलेला मुरूम आणि राडारोडा. काळ्या मातीचे कण अतिशय बारीक. पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. पावसाळ्यात तिच्यात खुरपं घातलं की चिखलाचा लगदा निघतो आणि एप्रिलमध्ये घातलं की खुरप्याची मूठ हलते. तिला वाफसा येतो, पण दोन-चार दिवसांपुरता. तेवढ्यात काम उरकलं तर उरकलं. पण सगळी ताकदही त्या बारीक कणांतच आहे. कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाचा जो टिकाऊ भाग, ह्यूमस, तो या कणांना जाऊन चिकटतो. आपल्या काळ्या मातीत चुना भरपूर, त्यातलं कॅल्शियम दोघांना धरून ठेवतं. त्यावर बुरशीचे तंतू, मुळांतून झिरपणारा चिकट द्राव, गांडुळांची विष्ठा असं एकेक येत जातं आणि बारीक कणांचे रवाळ गोळे होतात. गोळ्यांच्या आत पाणी राहतं, दोन गोळ्यांच्या मध्ये हवा. हे बादलीत होत नाही, जमिनीतच व्हावं लागतं.

कुणाला पटत नसेल तर मी काचेचे दोन ग्लास मांडते. एक वाळकं ढेकूळ फाटकाजवळचं, जिथे कधी काही घातलं नाही. दुसरं तेवढंच, गवारीच्या वाफ्यातलं. दोन्ही हलकेच पाण्यात सोडायची. फाटकाजवळच्या ढेकळाच्या कडा लगेच सुटू लागतात, बुडबुडे येतात आणि पाहता पाहता ते बसकण मारतं; ग्लासातलं पाणी गढूळ होतं, तासाभरानेही निवळत नाही. वाफ्यातल्या ढेकळातूनही बुडबुडे येतात, पण ते उभं राहतं. ग्लास डोळ्यांसमोर धरला तर त्यातून बाहेर आलेली केसासारखी मुळं दिसतात, एखाद्या मुळाला दोन-तीन रवे लोंबत असतात. पाणी नितळ. मूळची माती दोन्हीकडे एकच, हे मुद्दाम सांगावं लागतं.

माती मुळापासून ढिगात हवी, ही काही माझी अक्कल नाही. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इंदूरच्या संस्थेत कंपोस्टची जी पद्धत बसवली आणि 1931 साली पुस्तकात मांडली, तिच्यात काडीकचरा, शेण आणि राखेच्या बरोबरीने गोठ्यातली गोमूत्र मुरलेली माती घालत. हॉवर्डचं नाव जगभर झालं, वाडांचं आपल्याकडेही फारसं कुणी घेत नाही. मी ढिगाच्या प्रत्येक थरावर ओंजळभर काळी माती भुरभुरते ती त्यांचंच वाचून. वासही कमी येतो.

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांच्या प्रयोग परिवाराच्या परंपरेत याच्याही पुढचं पाऊल आहे. ढिगावरच मिश्र बियाणं पेरायचं, फुलोऱ्यापूर्वी कापायचं, कापलेलं तिथेच अंथरायचं, परत वाढू द्यायचं. कोवळ्या पाल्यात नत्र जास्त, जून काड्यांत टिकाऊ तंतू जास्त. दोन्ही मिळालं की ढिगाला मातीची कळा येते. मुळं खाली कुजतात आणि त्यांच्या जागी नळ्या राहतात, त्यांतून हवा-पाणी फिरतं.

माझी रीत याचीच सोपी आवृत्ती. मेच्या शेवटी चाळलेल्या खताचा अडीच सेंटिमीटरचा थर वाफ्यावर पसरते. एका चौरस मीटरला 25 लिटर, म्हणजे घरच्या दोन मध्यम बादल्या. खणून मिसळत नाही. वरचे दोन-तीन इंच खुरप्याने हलवते, बस्स. पहिल्या पावसावर ताग आणि चवळी दाट टाकते. ताग कमरेला लागला आणि कळी दिसू लागली की विळ्याने बुडाशी कापून तिथेच आडवा करते. उपटायचा नाही. उपटला की मुळांनी केलेलं सगळं काम ढेकळासकट हातात येतं.

बाकी वर्षभर जमीन उघडी ठेवायची नाही. इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांत एकदा खत घालून निवांत बसलेली माणसं असतात. त्यांच्याकडे थंडी आहे. आपल्या उन्हात सेंद्रिय पदार्थ भराभरा जळून जातो, म्हणून दरवर्षी घालावं लागतं आणि वर झाकावं लागतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्तोरस्ती पानगळ पेटवतात तेव्हा माझा जीव वरखाली होतो. गुलमोहर आणि शिरीषाची बारीक पानं लवकर कुजतात, ती ढिगात. आंबा, फणस, वडाची चिवट पानं आच्छादनाला.

गांडुळांबद्दल दोन शब्द, कारण लोक ती किलोने विकत आणून बागेत सोडतात. खतातली तांबडी गांडुळं खतावरच जगतात, साध्या जमिनीत टिकत नाहीत. गावठी गांडुळं झाकलेल्या, ओलसर जमिनीत आपणहून येतात. जुलैत आच्छादन उचललं की त्यांच्या विष्ठेच्या वेटोळ्या ढिगुल्या दिसतात. पैसे खर्च करायचेच असतील तर जुनं, मुरलेलं शेणखत घ्यावं. मात्र ताजं, अर्धवट कुजलेलं नको, त्याच्याबरोबर हुमणी येते आणि मुळं कुरतडते. कोकोपीटचा सोस तर मला कळतच नाही. गच्चीवर वजन कमी हवं तिथे ठीक. खाली जमीन असताना नारळाचा भुसा विकत आणून त्यात टोमॅटो लावायचे आणि दर आठवड्याला बाटलीतलं खत पाजायचं, हा दवाखाना झाला.

कुंडीवाल्यांना मी निम्मी माती, पाव भाग पुरतं मुरलेलं खत आणि पाव भाग जाडसर वाळू किंवा विटांचा चुरा सांगते. मेथी काढली की मुळं आतच राहू द्या, वरून मूठभर खत, पुन्हा पेरा. किती दिवस लागतील, हा प्रश्न ठरलेला. कुंडीत दोन-तीन पिकं, जमिनीत दोन पावसाळे तरी, हे ऐकून निम्मे जण नर्सरीतून तयार मिश्रणाची गोणी आणतात. त्यातले काही जण पुढच्या वर्षी रिकामी गोणी घेऊन येतात. तीही मी ठेवून घेते. पालापाचोळा भरायला बरी पडते.