तोकड्या उत्तराचा अर्थ

व्यक्तिमत्त्व मोजण्याच्या प्रक्षेपण पद्धती आणि वस्तुनिष्ठ पद्धती यांच्यातला वाद बहुतेक पाठ्यपुस्तकांत विश्वसनीयतेच्या आकड्यांवर येऊन थांबतो. प्रक्षेपणाला खोली आहे पण आकडे डळमळीत, प्रश्नावलीचे आकडे भक्कम पण ती वरवरची, अशी ती ठरलेली मांडणी. चाचणी घेणाऱ्याचा झगडा मात्र त्याच्या बराच आधी, उत्तर हाती येते त्या क्षणी सुरू होतो. समोरच्याने उत्तर तोकडे दिले तर ते तोकडेपण त्या माणसाचे की चाचणीचे, हा या कामातला सर्वांत चिवट प्रश्न आहे. मुंबई-पुण्याच्या दवाखान्यांत तो अधूनमधून पडतो. नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या म्हसावदसारख्या गावी तो जवळपास दर वेळी पडतो.

म्हसावद सातपुड्याच्या पायथ्याचे. या पट्ट्यात भिल, पावरा, गुजर अशा समाजांची वस्ती आहे. घरात भिली, पावरी, गुजरी किंवा अहिराणी, शाळेत मराठी आणि मोबाइलवर हिंदी, अशी मुलांची भाषा दिवसभर बदलत असते. चाचणीला बसणारे बहुधा आश्रमशाळेतले विद्यार्थी, भरतीची तयारी करणारी मुले किंवा ‘लक्ष नाही’ म्हणून शिक्षकांनी पाठवलेले एखादे पोर. शाई-डागांचे पहिले कार्ड मूल दोन्ही हातांनी धरते, नीट बघते, ‘डोंगर’ म्हणते आणि कार्ड परत करते. ‘आणखी काही दिसतं?’ ‘नाही सर.’ अशा रीतीने दहा कार्डांचे दहा-अकरा प्रतिसाद होतात. या चाचणीच्या गुणांकनाच्या एक्सनर यांच्या पद्धतीत चौदापेक्षा कमी प्रतिसादांच्या नोंदीवरून निष्कर्ष काढायचे नसतात. नियम पाळायचा तर नोंद बाजूला ठेवावी.

जुनी पुस्तके तोकड्या नोंदीला नावे देतात: बचाव, दडपण, खिन्नता, कल्पनेचे दारिद्र्य. यातले प्रत्येक नाव कुठल्या ना कुठल्या माणसाला लागू पडतेच. पण मोठ्यांसमोर विचारले तेवढेच आणि नेमके बोलावे, ही घराने आणि शाळेने लावलेली शिस्तही तितकीच खरी आहे. एक उत्तर दिल्यावर दुसरे द्यायचे म्हणजे पहिले चुकले असे कबूल करायचे, असा त्या मुलाचा सरळ हिशेब असतो. २०११ मध्ये आलेल्या ‘आर-पास’ पद्धतीने यावर तोडगा काढला. प्रत्येक कार्डावर दोन किंवा तीन उत्तरे द्यावीत, असे आधीच सांगायचे. त्याने संख्या वाढते, आणि खेड्यात काम करणाऱ्यांसाठी ही सुधारणा मोलाची आहे. तरीही दुसरे उत्तर पुष्कळदा केवळ आज्ञा पाळण्यासाठी आलेले असते. ‘डोंगर’ नंतर ‘दुसरा डोंगर’ येतो, आणि संख्येची अट पुरी होऊनही मूळ प्रश्न जागच्या जागी राहतो.

शाई-डागांची ही चाचणी तयार करणाऱ्या हर्मन रोरशाख यांना गावागावांतल्या माणसांचा फरक माहीत होता. स्वित्झर्लंडमधल्या हेरिसाऊच्या मनोरुग्णालयात काम करताना त्यांनी ॲपेन्झेलच्या आणि बर्नच्या लोकांचे प्रतिसाद ताडून पाहिले आणि त्यांतला भेद १९२१ च्या आपल्या ग्रंथात नोंदवला. त्या इवल्याशा देशातल्या दोन प्रांतांचीही उत्तरे सारखी येत नव्हती. पुढच्याच वर्षी, वयाच्या ३७ व्या वर्षी, ते गेले. त्यांच्या मागून आलेल्यांची बरीचशी शक्ती गुणांकनाच्या भांडणांत खर्च झाली. सॅम्युएल बेक आणि ब्रूनो क्लॉप्फर यांचे संबंध तुटले, अमेरिकेत पाच वेगवेगळ्या पद्धती झाल्या, आणि त्या पाचांतून निवडून एक्सनर यांना १९७४ मध्ये नवी पद्धत बांधावी लागली. कोण कुठून आले आहे आणि त्याने आजवर काय पाहिले आहे, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

तो मागे पडल्याचे परिणाम म्हसावदला दिसतात. एखाद्या मुलाने डागात ‘अंग रंगवलेला, डोक्यावर मोरपिसांचा टोप घातलेला माणूस’ पाहिला, तर गुणांकनाच्या तक्त्यात ते उत्तर अर्धमानवी, काल्पनिक आकृतीच्या खान्यात जाऊ शकते, आणि अशी उत्तरे वाढली की माणसांपासून दुरावा असा अर्थ निघू शकतो. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची होळी ज्याने पाहिली आहे त्याला तो माणूस कोण ते लगेच कळते. होळीचा नवस फेडणारे बावा आणि बुध्या असेच सजतात, रात्रभर नाचतात, आणि त्यांत मुलाचा मामा किंवा थोरला भाऊ असू शकतो. उत्तर वास्तवाला धरून आहे आणि नात्यातल्या माणसाचे आहे. हा फरक केवळ पृच्छेत उघड होतो: कुठे दिसला, कशामुळे तसा वाटला, असा कुठे पाहिला आहेस का. यातला शेवटचा प्रश्न प्रमाणित पृच्छेत बसत नाही. गुणांकन पुरे झाल्यावर तो वेगळा विचारावा लागतो आणि त्याचे उत्तर वेगळ्या कागदावर घ्यावे लागते.

हेन्री मरे आणि ख्रिस्तियाना मॉर्गन यांच्या टीएटीत, म्हणजे चित्र पाहून गोष्ट सांगायच्या चाचणीत, हीच अडचण चित्रासकट येते. १९३५ मध्ये मांडलेल्या आणि १९४३ मध्ये हार्वर्डहून संच म्हणून निघालेल्या या चाचणीत ३१ कार्डे आहेत. पहिल्यात व्हायोलिनसमोर बसलेला मुलगा. म्हसावदच्या मुलाने ढोल पाहिलेला असतो, बासरी पाहिलेली असते, लग्नातला बँड पाहिलेला असतो. समोरची वस्तू काय हे न कळल्याने तो दोन वाक्यांत आटोपतो: मुलगा बसला आहे, त्याला काम सांगितले आहे. संगीताची आकांक्षा, आईवडिलांचा आग्रह, कंटाळा, हे सगळे अर्थ त्या वाद्याच्या ओळखीवर उभे आहेत. दुसऱ्या कार्डात शेत आहे, हातात पुस्तके घेतलेली मुलगी आहे, झाडाला टेकलेली बाई आहे आणि पुरुषासोबत घोडा आहे. इथे मात्र मुले बोलतात. घोड्याचा बैल होतो, मुलगी आश्रमशाळेत निघते, आईबाप ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि मुलगी सुटीत घरी येते तेव्हा घराला कुलूप असते.

ही गोष्ट नीट थांबून वाचण्याजोगी आहे. टीएटीच्या रूढ वाचनात आईबाप निघून जाणे म्हणजे परित्यागाचे कथानक, आणि कुलूप म्हणजे नाकारले जाण्याची भीती. दिवाळीनंतर या भागातली किती कुटुंबे तोडीला बाहेर पडतात हे ज्याला माहीत आहे, त्याला यात आधी वर्षाचे वेळापत्रक दिसते. पण निव्वळ वेळापत्रक म्हणून ती गोष्ट सोडून देणेही बरोबर नाही. वेळापत्रकातही मूल दुखावते. मुलगी कुलूप पाहून शेजारणीकडे जेवायला गेली, की पायरीवर बसून राहिली, की परत शाळेच्या वाटेला लागली, हे त्या मुलाने स्वतः निवडलेले असते, आणि माणूस तिथे दिसतो. परिस्थिती सगळ्यांची सारखी असली तरी तिच्यातून काढलेली वाट प्रत्येकाची निराळी असते. म्हणून इथे गोष्टीचा विषय मोजण्यापेक्षा शेवट मोजावा, आणि शेवट सांगितलाच नसेल तर ‘मग काय झालं?’ एवढेच, आवाज न चढवता विचारावे.

उमा चौधरी यांनी १९६० मध्ये टीएटीचे भारतीय रूपांतर केले. त्यातली माणसे आणि घरे ओळखीची झाली. तरी सातपुड्यातल्या मुलाला त्यांतली बरीच माणसे परकी वाटतात. सर्वांत जास्त उपयोगी ठरते ते मरे यांचेच सोळावे कार्ड, म्हणजे कोरे. त्यावर काहीच नसते, त्यामुळे चुकायचेही काही नसते. इतर चित्रांपुढे अडखळलेली मुले कोऱ्या कार्डावर सलग बोलतात, आणि घरच्या बोलीत सांग म्हटले की आवाजही बदलतो. बोली न येणाऱ्या परीक्षकाला मग दुभाषा घ्यावा लागतो. दुभाषा शाळेतला असेल तर मूल पुन्हा गप्प होते.

वस्तुनिष्ठ चाचणी या सगळ्यातून सुटते अशी समजूत आहे. ती वस्तुनिष्ठ असते गुण देणाऱ्यापुरती. उत्तर देणारा स्वतःबद्दल स्वतःच सांगत असतो. मिनेसोटाची एमएमपीआय ही प्रश्नावली स्टार्क हॅथवे आणि जे. सी. मॅकिन्ली यांनी १९४३ मध्ये आणली तेव्हा ‘सामान्य’ लोकांचा मुख्य नमुना म्हणजे विद्यापीठाच्या रुग्णालयात आलेले भेटीदार होते. अंगात वारे येण्याविषयीचे विधान तिथे आजाराची खूण ठरते, आणि ज्या घरात देव अंगात येतो तिथे ते साधी माहिती ठरते. किरकोळ दोष कबूल करतो की नाही हे तपासणारी एल श्रेणी शिक्षकांच्या देखत भरून घेतली तर जवळपास सगळीच मुले खोटारडी निघतात, कारण सरांपुढे आपण कधी खोटे बोललो असे कोण म्हणेल?

नकारार्थी विधाने सर्वांत त्रास देतात. ‘मी सहजासहजी रागावत नाही’ हे विधान वाचून दाखवले की एक मुलगा म्हणतो ‘हो’ आणि दुसरा म्हणतो ‘नाही’, आणि दोघांचाही अर्थ एकच असतो: रागावत नाही. किल्ली मात्र दोघांना विरुद्ध गुण देते. शहरात कागद स्वतः वाचून खूण करणाऱ्यांत ही गफलत कमी होते. तोंडी घेतलेल्या चाचणीत ती सतत होते, आणि गुणांच्या बेरजेत तिचा मागमूस उरत नाही. प्रक्षेपण चाचणीतले तोकडे उत्तर निदान तोकडे म्हणून दिसते. प्रश्नावली मात्र न समजलेल्या उत्तरालाही पुरा गुण देऊन टाकते, आणि तिचा धोका इथेच मोठा आहे.

मराठीत गंभीर काम झालेले आहे. २४० विधानांच्या निओ-पीआय-आर या पंचघटक शोधिकेचे मराठी रूप पुणे विद्यापीठातल्या लोधी, देव आणि बेल्हेकर यांनी तयार केले, आणि २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय ग्रंथात त्यावरचे प्रकरण आले. अशा कामाला तोड नाही. पण पुण्याच्या प्रमाण मराठीत भक्कम ठरलेले साधन पावरी बोलणाऱ्या मुलापुढे आपोआप भक्कम ठरत नाही. त्यासाठी लागणारी स्थानिक मानके कोणी तरी चिकाटीने गोळा करावी लागतात, आणि त्या कामाला प्रतिष्ठा नाही.

प्रतिष्ठा वाचनाला आहे. माणूस न पाहता नुसत्या नोंदीवरून त्याचा स्वभाव सांगणे, ज्याला आंधळे वाचन म्हणतात, हा या क्षेत्रातला जुना मानाचा खेळ. नोंद वाचून कोणी बिनचूक काही सांगितले की ऐकणारे थक्क होतात, आणि सांगणाऱ्याला त्या थक्क होण्याची चटक लागते. ही चटक या व्यवसायातल्या बहुतेकांना असते आणि ती सुखाची असते हे मान्य करायला हवे. बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांना एकच स्वभाववर्णन वेगवेगळे म्हणून वाटले, आणि त्यांनी त्याला पाचापैकी सरासरी ४.२६ गुण दिले. लोरेन आणि जीन चॅपमन यांनी १९६७ मध्ये याहून बोचरी गोष्ट दाखवली. माणसाच्या चित्रातले मोठे डोळे म्हणजे संशयी स्वभाव, असा संबंध दिलेल्या माहितीत नसतानाही नवख्यांना तिथे दिसला, आणि अनुभवी चिकित्सक तोच संबंध आपल्या अनुभवाचा म्हणून सांगत होते. वाचनकौशल्याचा अभिमान बाळगणाऱ्या कोणालाही हे दोन प्रयोग सुखाने झोपू देणार नाहीत, आणि तरीही पुढची नोंद उघडताना तोच हुरूप येतो.

बाजाराने या चटकेचा धंदा केला आहे. बोटांच्या ठशांवरून मुलाचा स्वभाव आणि करिअर सांगणाऱ्या डीएमआयटी चाचण्या पालकांना रंगीत अहवालांसह विकल्या जातात. त्यांना शास्त्रीय आधार नाही. कर्ज काढून शिकवणाऱ्या पालकाकडून त्यासाठी पैसे घेणे ही उघड फसवणूक आहे. लष्करी अधिकारी निवडणाऱ्या एसएसबीतली स्थिती वेगळी. तिथली बारा चित्रे (त्यांतले एक कोरे), प्रत्येकी पंधरा सेकंदांचे साठ शब्द आणि साठ प्रसंग ही मूळची विचारपूर्वक बांधलेली प्रक्षेपणे आहेत. पण शिकवण्यांनी त्यांची तयार उत्तरे घोटून घेतली. नायक गावात जातो, तरुणांना एकत्र करतो, विहीर खोदतो, गाव सुधारतो. अशा पाठ कथेत नायकाला भीती वाटत नाही, दमही लागत नाही, आणि वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. पाड्यावरून आलेला मुलगा स्वतःची गोष्ट सांगू शकला असता, ती शिकवणीने आधी पुसून टाकलेली असते. ही खरी हानी आहे.

डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९८९ मध्ये सहकाऱ्यांसह मांडलेला विचार या गुंत्यात सर्वांत उपयोगी पडतो. कथांतून दिसणारी प्रेरणा आणि प्रश्नावलीत माणूस स्वतःबद्दल सांगतो ती प्रेरणा यांचा मेळ बसत नाही, कारण त्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली दीर्घकाळ आपसूक घडणाऱ्या वागण्यात उतरते, दुसरी जाणूनबुजून केलेल्या निवडीत. असे असेल तर दोन चाचण्या परस्परविरोधी आल्या म्हणून त्यांतली एक खोटी ठरवायची गरज नाही. ‘मला मोठे व्हायचे आहे’ या अर्थाच्या प्रत्येक विधानावर खूण करणारा आणि प्रत्येक गोष्टीत नायकाला घरी परत आणणारा मुलगा दोन्ही ठिकाणी खरे बोलत असतो. त्याला नंदुरबारच्या वसतिगृहात पाठवायचे की नाही, हे ठरवताना दोन्ही हवे.

म्हणून म्हसावदला लिहिलेल्या अहवालात गुणांचा तक्ता पहिल्या पानावर ठेवून चालत नाही. त्याच्या आधी चाचणी कोणत्या भाषेत झाली, खोलीत आणखी कोण होते, नकारार्थी विधाने उलटवून पुन्हा विचारली का, पृच्छेत बोली वापरली का, आणि कोऱ्या कार्डावर मूल किती बोलले, हे लिहावे लागते. प्रतिसाद चौदांच्या खाली असतील तर ‘कल्पनाशक्ती मर्यादित’ असे लिहायचे नाही. ‘या पद्धतीने निष्कर्ष काढता येत नाही’ असे लिहायचे, आणि मुलाला दुसऱ्या दिवशी, शिक्षक नसताना, पुन्हा बोलवायचे.