भाऊंचा आवाज, जनरेटरसकट

सुरुवातीचे कित्येक दिवस मला एकही भाषण ऐकायला मिळालं नाही. भाऊंच्या घरून आलेल्या पत्र्याच्या दोन पेट्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत होत्या. पेट्यांत कॅसेटी होत्या, टेबलावर चालू टेपरेकॉर्डर होता, आणि ज्यांच्या भरवशावर मी हे काम अंगावर घेतलं ते आकाशवाणीतून निवृत्त झालेले अभियंता सर मला सांगत होते, “मॅडम, प्लेचं बटण दाबायचं नाही. आधी नाकाने तपासा, मग डोळ्यांनी. कानांची पाळी शेवटी.”

मी राज्यशास्त्र शिकवते. जुने कागद हाताळायची मला सवय आहे. कागद कितीही जीर्ण असला तरी उलगडला की निदान त्यावर काय लिहिलंय ते दिसतं. कॅसेट हातात घेऊन कितीही वेळ बसलं तरी आत काय आहे ते कळत नाही. कळून घ्यायला ती यंत्रात घालावी लागते, आणि यंत्रात घातली तर कदाचित तेच तिचं शेवटचं वाजणं ठरतं. या पेचाने मी अक्षरशः भांबावून गेले होते.

भाऊ म्हणजे आमच्या तळकोकणातल्या एका तालुक्याचे माजी आमदार, समाजवादी चळवळीत घडलेले. घरच्यांच्या इच्छेनुसार त्यांचं नाव इथे देत नाही. विधानसभेत ते जे बोलले ते कार्यवाहीच्या खंडांत छापलेलं आहे. पण आठवड्याच्या बाजारात, बंदरावर, देवळासमोरच्या पटांगणात ते जे बोलले ते कुठेच नाही. वर्तमानपत्रात आलं तर चार ओळी, त्याही प्रमाण मराठीत. सभेत भाऊ पहिली दहा मिनिटं संपली की मालवणीत शिरायचे आणि मग परत यायचे नाहीत. हा माणूस आपल्या लोकांशी नेमका कसा बोलायचा, याचा एकमेव पुरावा त्या दोन पेट्यांत होता.

या मुलखाने बॅरिस्टर नाथ पैंना १९५७पासून लागोपाठ तीन वेळा लोकसभेत पाठवलं. १८ जानेवारी १९७१ला बेळगावात ते गेले. तोवर कॅसेट आमच्या गावांत पोचली नव्हती. फिलिप्सने ती १९६३मध्ये बाजारात आणली, पण आमच्याकडच्या लाऊडस्पीकरवाल्याच्या हातात टेपरेकॉर्डर यायला आणखी पंधराएक वर्षं जावी लागली. त्यामुळे गावातल्या सभेतले नाथ पै आज ऐंशीच्या घरातल्या लोकांच्या आठवणींत आहेत आणि भाऊ फितीवर आहेत. हा निव्वळ काळाचा योगायोग आहे, आणि तो वाया घालवणं मला अक्षम्य वाटतं.

सरांनी आधी कॅसेटचं शरीर समजावलं. फितीची रुंदी चार मिलिमीटरही नाही. पातळ प्लास्टिक, त्यावर लोहाच्या ऑक्साइडचा थर आणि तो थर धरून ठेवणारा चिकट पदार्थ. आवाज असतो तो या थरात. साठ मिनिटांच्या कॅसेटची फीत साधारण १८ मायक्रॉन जाडीची, नव्वदची १२ आणि एकशेवीसची जेमतेम ९. आमच्या पेट्यांत एकशेवीसच्याच जास्त निघाल्या. त्याचं कारण पुढे लाऊडस्पीकरवाल्या काकांनी सांगितलं. भाऊ तासभर तरी बोलायचे आणि मध्येच बाजू बदलायला गेलं तर नेमकं महत्त्वाचं वाक्य निसटायचं. एका बाजूला सबंध तास बसावा म्हणून काका त्या मुद्दाम जिल्ह्याच्या ठिकाणाहून आणवायचे. भाषण तुटू नये म्हणून घेतलेली तीच फीत आज सगळ्यांत जास्त ताणलेली, सुरकुतलेली आहे.

मग बुरशी. कोकणातल्या पावसाळ्यांनी पांढरे ठिपके फितीच्या कडेवर पेरून ठेवले होते. आपल्याकडे कशाला बुरा आला की ऊन दाखवायचं हा रिवाज. घरच्यांनीही पेट्या अंगणात उघड्या ठेवायची तयारी केली होती. सरांनी हात जोडून थांबवलं. उन्हाने फीत वाकडी होते, बुरशी मात्र मरत नाही. अशा कॅसेटी वेगळ्या काढायच्या, तोंडाला मास्क लावायचा, एसीच्या खोलीत सिलिका जेलबरोबर पूर्ण सुकू द्यायच्या आणि मगच बुरशी पुसायची. घाईने वाजवली तर बुरशी टेपच्या हेडवर चढते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ज्यांच्या आत फितीला हेडवर दाबून धरणारी ती इवलीशी फेल्टची गादी गळून पडली होती, त्या कॅसेटींचे स्क्रू काढून फीत नव्या कवचात बसवावी लागली. हे काम सरच करत. मी बॅटरी धरून उभी राहायचे आणि श्वाससुद्धा हळू घ्यायचे.

भाऊंचा आवाज शेवटी ऐकू आला तेव्हा मला काहीच समजेना. वाक्य सुरू व्हायच्या आधी तेच वाक्य कुणीतरी कुजबुजत होतं. भाऊ “मंडळी” म्हणायच्या आधी एक अस्पष्ट “मंडळी” यायचं, मग खरं. मला वाटलं, यंत्रच बिघडलं. सरांनी सांगितलं, फीत वर्षानुवर्षं गुंडाळून पडली की एका वेढ्यातलं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर उमटतं, पातळ फितीत तर अधिकच. वाजवण्यापूर्वी ती एकदा पुढे-मागे फिरवली की हा ठसा थोडा फिका पडतो. आम्ही तसं केलं. कुजबुज कमी झाली, गेली मात्र नाही.

दुसरा गोंधळ वेगाचा. एका सभेत भाऊ सुरुवातीला त्यांच्या नेहमीच्या घनगंभीर आवाजात बोलतात, आणि तासाच्या शेवटाला आवाज बारीक, वेग दुडका, जणू भलताच माणूस बोलतोय. मला वाटलं, ते चिडले असतील. खरं कारण असं की रेकॉर्डर सेलवर चालला होता. सेल उतरत गेले तशी त्या रात्री फीत हळू फिरली, आणि आज योग्य वेगाने वाजवली की तेच बोलणं पळायला लागतं. चढत जाणारा तो स्वर मी वहीत ‘संताप’ म्हणून नोंदवणार होते. ते उतरते सेल होते, हे कळल्यावर वहीत मत लिहायच्या आधी मी सरांना विचारायला शिकले.

आता मूळ वेग किती हे ओळखायचं कसं? इथे सरांनी मला जे दाखवलं त्याने या सगळ्या कामाकडे बघण्याची माझी दृष्टीच बदलली. काही भाषणांच्या मागे एक सलग घुंऽऽ आहे. मला ती आधी काढून टाकायची होती. पण ती घुंई विजेची आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, त्यामुळे अॅम्प्लिफायरमधून फितीवर उतरलेली घुंईही पन्नासच्या हिशेबातच असायला हवी. ती बावन्न-त्रेपन्नवर दिसली तर फीत तेवढी वेगाने पळतेय. म्हणजे जिला मी कचरा समजत होते तीच त्या रात्रीचं घड्याळ होती. आधी पुसली असती तर भाऊंचा खरा स्वर लावायला दुसरं माप उरलं नसतं.

याच सुमारास खरखर काढणाऱ्या सॉफ्टवेअरचा प्रयोग एका प्रतीवर केला. ऐकायला गोड झालं, हे खरं. पण ‘स’ आणि ‘श’ची धार गेली, टाळ्या विरघळल्या, आणि गर्दीतून कोणीतरी ओरडून विचारलेला प्रश्न पार नाहीसा झाला. उरलं काय, तर भाऊंचं उत्तर, कशाचं ते न कळणारं. सभा ही दोन बाजूंनी होते. भाऊंना अडवणारा तो माणूस या नोंदीचा तितकाच भाग आहे, आणि त्याचं नाव तर कुठेच नाही.

मग लाऊडस्पीकरवाल्या काकांना बोलावलं. बऱ्याचशा कॅसेटी त्यांनीच भरलेल्या. आता ऐकू कमी येतं, पण हेडफोन लावला की चेहरा उजळतो. एका कॅसेटवर ‘सभा’ एवढंच लिहिलेलं, गाव नाही, साल नाही. मागे धडधड चाललेली. मी विचारलं, “काका, ही धडधड कमी करू का?” ते म्हणाले, “काडू नको गो बाय, तो माझो जनरेटर.” आणि मग सांगत सुटले. त्या गावात तेव्हा वीज नव्हती, जनरेटर बैलगाडीतून नेला होता, भाऊ चालत आले होते. गाव सापडलं, साल अंदाजाने सापडलं, आणि तेही भाऊंच्या एकाही शब्दावरून नव्हे.

साल ठरवणं हा या कामातला माझ्या आवाक्यातला भाग, आणि मला त्यात फार आनंद मिळाला. भाऊ सावंतवाडीला उभे राहून “आपला रत्नागिरी जिल्हा” म्हणाले तर ती सभा १ मे १९८१च्या आधीची, कारण त्या दिवशी सिंधुदुर्ग वेगळा झाला. मधू दंडवतेंचा उल्लेख ‘आपले रेल्वेमंत्री’ असा आला तर ती १९७७ ते १९७९मधली. गिरणीतल्या पोरांच्या मनीऑर्डरी बंद झाल्याचं दुःख आलं तर जानेवारी १९८२मध्ये सुरू झालेल्या संपानंतरची. कोकण रेल्वेची मागणी मात्र सगळ्याच कॅसेटींत आहे, त्यामुळे तिचा उपयोग नाही. (२६ जानेवारी १९९८ला ती गाडी पूर्ण मार्गावर सुरू झाली, तेव्हा भाऊ हयात नव्हते.) एका कॅसेटवर भाषण संपताच अचानक अर्धं भजन लागतं. विकतची भजनाची कॅसेट होती, मागची भोकं चिकटपट्टीने बुजवून तिच्यावर सभा भरली. ते भजनही आम्ही ठेवलंय. ती कॅसेट कधी विकली गेली हे ठाऊक असलं की सभा त्याच्या आधीची नाही एवढं तरी सिद्ध होतं.

संगणकात आम्ही काय साठवतो तेही सांगते, कारण मला हे कुणी सरळ सांगितलं नव्हतं. मूळ प्रत वेव्ह स्वरूपात, ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिटची. तासाला सुमारे दोन जीबी होतात. त्या प्रतीला हात लावायचा नाही. वेग सुधारलेली प्रत वेगळी, ऐकण्यासाठीची एमपीथ्री वेगळी. प्रत्येक फाइलचा चेकसम काढून ठेवायचा, म्हणजे पुढे ती बिघडली तर कळतं. तीन प्रती, आणि त्यांतली एक जिल्ह्याबाहेर. आमच्याकडची खारी हवा आणि मे महिन्यातल्या विजा पाहता एकाच हार्ड डिस्कवर विसंबणं म्हणजे पेट्या पुन्हा अंगणात ठेवण्यासारखंच. मूळ कॅसेटीही टाकायच्या नाहीत.

सगळ्यांत अवघड गोष्ट मात्र यंत्राची नव्हती. एका भाषणात भाऊ एका प्रतिस्पर्ध्यावर फार कडक बोलले आहेत. भाऊंच्या कन्या, ताई, शांतपणे म्हणाल्या, “तेवढी दहा मिनिटं नका घेऊ. त्या घराशी आता आमची सोयरीक आहे.” कायद्याने जाहीर भाषणाचा पहिला हक्कदार भाषण करणाराच असतो, आणि त्याच्यामागे त्याचे वारस. त्यांच्या लेखी संमतीशिवाय आम्ही एक कॅसेटही उघडली नव्हती. ताईंचं म्हणणं मला माणूस म्हणून पटत होतं. पण आज ही दहा मिनिटं कापली की उद्या दुसरं कुणीतरी दुसरी दहा मागणार, आणि उरतील ते सगळ्यांशी गोड बोलणारे भाऊ, जे कधी अस्तित्वातच नव्हते. बोलणी बरीच झाली. शेवटी ठरलं ते असं : मूळ प्रत सबंध राहील, ती विशिष्ट कॅसेट मात्र ताईंच्या हयातीत कुणाला ऐकवायची नाही. कागदावर सह्या झाल्या. हा तोडगा मला योग्य वाटतो. कुलूप लावता येतं आणि काढताही येतं, कापलेलं परत जोडता येत नाही.

काम संपलेलं नाही. दुसरी पेटी अर्धी व्हायची आहे, सुटे भाग मिळत नाहीत, आणि कॅसेट वाजवणारी चांगली यंत्रं कॅसेटींच्या आधी संपणार असं दिसतंय. म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या माळ्यावर, पक्षाच्या जुन्या कार्यालयात, एखाद्या मंडपवाल्याकडे नेत्यांच्या सभांच्या कॅसेटी असतील, नेता मोठा असो वा तालुक्यापुरता, तर त्या ‘वाजते का बघू’ म्हणून लावू नका. मागच्या कडेचे दोन प्लास्टिकचे तुकडे तोडा, म्हणजे चुकूनही त्यावर काही भरलं जाणार नाही. उन्हात ठेवू नका. कुणी ‘साफ करून देतो’ म्हटलं तर आधी न साफ केलेली प्रत मागा. आणि ती सभा ज्याने भरली किंवा जो तिथे हजर होता असा एक जरी माणूस हयात असेल, तर यंत्र शोधायच्या आधी त्याच्याकडे जा आणि गाव, साल, कोण कोण होतं ते लिहून घ्या.