मच्छरदाणी

परवा संध्याकाळी गल्लीतून डास मारायच्या धुराची गाडी गेली. खिडक्या लावेपर्यंत तो कडवट, रॉकेलसारखा वास घरभर झाला आणि हैदराबादेतलं काचीगुड्याचं जुनं घर आठवलं. आम्ही भावंडं मच्छरदाणीत शिरलो की आई कडा गादीखाली खोचायची, बॅटरी घेऊन कोपरे धुंडाळायची. टाळी वाजायची. तळहातावर लाल ठिपका. "कुणाला चावला रे हा?" आम्ही आपापले हातपाय तपासायचो.

तो ठिपका आमच्यातल्या कुणाचा, हे कधीच ठरलं नाही. हुसेन खानचं रक्त मात्र ओळखू आलं. १८९७चा ऑगस्ट. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले रोनाल्ड रॉस सिकंदराबादेत होते. मलेरियानं आजारी हुसेन खानला त्यांनी मच्छरदाणीत निजवलं आणि डास आत सोडले. चावलेल्या प्रत्येक डासामागे एक आणा. २० ऑगस्टला त्यातल्या एका मादीच्या जठराच्या भिंतीत रॉसना काळे कण असलेल्या पेशी दिसल्या; मलेरिया आणि डास यांचा दुवा हाती लागला. त्यांना १९०२चं नोबेल मिळालं. बेगमपेठेतल्या त्या इमारतीला आज त्यांचंच नाव आहे.

मादीला अंड्यांसाठी रक्त लागतं. तिच्यावर माझा राग नाही. राग आहे तो त्या एका आण्यावर. रॉसच्या शोधानं असंख्य जीव वाचले, हे मी मनापासून मानते. पण आईनं डास बाहेर ठेवायला जे कापड खोचलं, तेच इथं एका तापकरी माणसाभोवती डास कोंडायला लावलं, हा विचार मला सोडत नाही.

गच्चीबावलीकडे नवे टॉवर उठताहेत. नांदेड-देगलूरकडची माणसं तिथं पत्र्याच्या शेडमध्ये राहतात. बांधकामासाठी साठवलेल्या पाण्यातच शहरी मलेरियाचा डास वाढतो. दिवेलागणीला एक बाई लेकराला नखशिखांत लुगड्यात गुंडाळत होती. उकाड्यानं ते रडत होतं. मी विचारलं तर म्हणाली, "काय करावं बाई, लई चावतेत."

ठेकेदारानं मजुरीसोबत प्रत्येक कुटुंबाला एक धड मच्छरदाणी द्यावी. ते उपकार नव्हेत. पाणी त्यानं साठवलंय, माणसंही त्यानंच आणलीत.